अंशतः खरे असलेले वाढईकाका

सतरा जुलै, गुरुवार. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिसा घरोघर वाटायच्या होत्या. मी सेक्रेटरी, म्हणून नोटीस काढायचं काम माझं. शिपाई नेमण्याचा ठराव गेली चार वर्षं पुढच्या सभेवर ढकलला जातोय, म्हणून वाटायचं कामही माझंच. छत्तीस फ्लॅट, तीन जिने, लिफ्ट बंद. बेल वाजवायची, कागद द्यायचा, सही घ्यायची, पुढे जायचं. पस्तीस घरं अशी झाली. छत्तिसाव्या घरी, क विंगच्या तळमजल्यावर, वाढईकाकांनी दार उघडलं, नोटीस घेतली, चष्मा चढवला आणि पान उलटसुलट करून पाहिलं.

"मिळाली ना नोटीस? मग इथे सही करा."

"हे अंशतः खरे आहे," वाढईकाका म्हणाले.

दुसरं पान टाचायचं राहिलं होतं. मी ते पिशवीतून शोधून दिलं. त्यांनी सही केली, सहीखाली तारीख टाकली, तारखेखाली वेळ टाकली आणि वेळेच्या पुढे कंसात 'दुसरे पान मागाहून प्राप्त' असं लिहिलं. माझ्या हातात विंगा बदलताना भिजलेली छत्री होती आणि डोक्यात घरी गॅसवर ठेवलेला कुकर. दुसरा कोणी असता तर मी बोलले असते. वाढईकाकांना बोलून उपयोग नसतो. ते उत्तर देतात.

नामदेव वाढई मूळचे भंडाऱ्याकडचे. नोकरीची बत्तीस वर्षं मुंबईत मंत्रालयात गेली. अधिवेशनात आमदार उठून मंत्र्याला प्रश्न विचारतात आणि मंत्री उभं राहून उत्तर वाचतात, हे आपण बातम्यांत पाहतो. ते उत्तर मंत्र्यांनी लिहिलेलं नसतं, हे मला वाढईकाका शेजारी येईपर्यंत माहीत नव्हतं. ते वाढईकाकांनी लिहिलेलं असतं. मंत्री बदलले, पक्ष बदलले, टेबल तेच राहिलं.

"प्रश्नाचा साचा ठरलेला असतो, मॅडम," त्यांनी एकदा मला समजावून सांगितलं होतं. "अमुक ठिकाणी तमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? आता पहिल्याला 'हे खरे नाही' म्हटलं, की पुढचे दोन आपोआप मरतात. तिथे 'प्रश्न उद्भवत नाही' लिहायचं. म्हणून सगळी कला पहिल्या उत्तरात."

"आणि खरं असलं तर?"

"तर अंशतः."

ही कला त्यांनी निवृत्तीनंतर हडपसरला बरोबर आणली. दूध पातळ आलं म्हणून त्यांनी दूधवाल्याला तीन भागांत लेखी प्रश्न दिला. दूधवाल्याने पंधरा दिवस तो खिशात घालून मिरवला आणि गिऱ्हाइकांना वाचून दाखवला. काकूंनी म्हणे एकदा विचारलं होतं, डब्यातले लाडू तुम्ही संपवलेत का. काका म्हणाले, माहिती घेण्यात येत आहे. काकू गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. ही गोष्ट काका स्वतःच सांगतात.

अधिवेशनात त्यांची जागा सभागृहाच्या कडेला, अधिकाऱ्यांच्या बाकांवर. आमदाराने अचानक उपप्रश्न टाकला, त्याला तिकडे पुरवणी म्हणतात, की काकांनी झटकन चिठ्ठी लिहून मंत्र्यांकडे पाठवायची. ती सवय आमच्या सभेतही सुटली नाही. चेअरमन पाठकांच्या मागच्या खुर्चीवर बसून ते चिठ्ठ्या पुढे सरकवतात. गेल्या वर्षी कोणीतरी लिफ्टचं विचारलं. पाठकांनी मागून आलेली चिठ्ठी घेतली आणि खणखणीत आवाजात वाचली, "सभासदास चहा द्यावा व विषय टाळावा."

हसून हसून सभा तहकूब झाली. लिफ्ट बंदच आहे.

पुरवणीची त्यांना विलक्षण धास्ती. मंडईत निघाले तरी कोणी काय विचारेल याची यादी करतात. त्यांचा मुलगा दोन हजार सालच्या सुमाराला, वायटूकेच्या लाटेत, संगणकाच्या नोकरीवर अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला. दर रविवारी संध्याकाळी सातला त्याचा फोन येतो. फोनशेजारच्या भिंतीवर टाइप केलेला एक कागद मी पाहिला: 'संभाव्य पुरवण्या'. बारा प्रश्न, समोर बारा उत्तरं. पहिल्या तीन प्रश्नांपुढे बरोबरच्या खुणांची रांग लागलेली. जेवण झाले काय? गोळ्या घेतल्या काय? पाणी येते काय? चौथ्यापासून पुढे एकही खूण नाही.

"हे बाकीचे नऊ?" मी विचारलं.

"तोवर सभागृहाची वेळ संपते," वाढईकाका म्हणाले.

मी परक्याची पत्रं वाचत नाही, पण भिंतीवर लावलेलं वाचते. चौथा होता, दिवसभरात कोणाशी बोलणे होते काय? सहावा होता, आईच्या साड्यांचे काय केले? नववा होता, भीती वाटते काय? असल्यास, कशाची? बाकी सगळ्यांना ओळ-दोन ओळी उत्तर होतं. नवव्यापुढे लिहिलं होतं, माहिती घेण्यात येत आहे.

भीतीचं कारण आमच्या सोसायटीच्या मागेच होतं, आणि ते फक्त काकांचं नव्हतं.

मागच्या मोकळ्या जमिनीवर कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीसाठी काचेची इमारत उठणार होती. दोन मजले जमिनीखाली, गाड्यांसाठी. त्यासाठी बिल्डरने आमच्या मागच्या भिंतीला खेटून जमीन सरळ कापत नेली. आमची भिंत वर राहिली आणि तिच्या पलीकडे दोन माणसं उंचीचा उभा कडा. त्या कड्याच्या पायथ्याशी, वारा लागू नये म्हणून, मजुरांच्या पत्र्याच्या अकरा खोल्या. भिंतीला तडा एप्रिलमध्ये गेला. जूनमध्ये त्यात माझं बोट जायला लागलं. मी घरातून धुणं वाळत घालताना खाली पाहिलं, की पत्र्यांवर दगड ठेवलेले दिसायचे, चुलीचा धूर दिसायचा आणि झोळीत झोपवलेलं एक मूल दिसायचं. पुढे पुढे मी धुणं पुढच्या गॅलरीत वाळत घालायला लागले.

काकांनी तड्यावर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या. भिंत हलली की काच तडकते, म्हणजे भिंत काय करतेय ते कळतं. रोज सकाळी सातला छत्री घेऊन ते पट्ट्या बघायला जायचे. पहिली आषाढ लागायच्या आत तडकली.

मी चेअरमनकडे गेले. पाठक म्हणाले, "भिंत आपली आहे असं लेखी कुठेही म्हणू नका. उद्या काही झालं तर आपल्या गळ्यात." मी बिल्डरच्या साइट मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "भिंत तुमची, तडा तुमचा, आमचा काय संबंध?" मी वॉर्ड ऑफिसला गेले. तिथे सांगितलं, भिंत कोणाची ते आधी ठरवा. अशी ती भिंत, पडेपर्यंत कोणाचीच नव्हती.

मग मी आमदारांच्या कार्यालयात गेले आणि तिथून निरोप आला, की प्रश्न लिहून द्या, साहेब पुढच्या अधिवेशनात टाकतील. मी एक पानभर खरमरीत मजकूर लिहिला आणि काकांना दाखवला. त्यांनी तो लाल पेनने असा सोलला, की शेवटी माझं फक्त 'हडपसर' उरलं.

"'धोकादायक भिंत' लिहिलंय. उत्तर येईल, भिंत धोकादायक घोषित केलेली नाही. 'आयटी पार्क' लिहिलंय. उत्तर येईल, तिथे आयटी पार्कला परवानगी दिलेली नाही, कारण परवानगी व्यापारी संकुलाची असणार. सर्व्हे नंबर लागेल, हिस्सा नंबर लागेल. आणि पहिल्याच ओळीत भिंत कोणाची ते लागेल."

"ते सोडून काहीही विचारा," मी म्हटलं.

"मग उत्तर मी आत्ताच देतो. सदर भिंत खासगी असल्याने प्रश्न उद्भवत नाही."

"अहो काका, प्रश्न मुंबईला जाणार. उत्तर तिथून येणार. तिथल्यांना इथलं काय माहीत?"

"तेच तर," ते म्हणाले. "प्रश्न मंत्र्यांकडून सचिवांकडे येतो, तिथून आयुक्तांकडे, आयुक्तांकडून वॉर्डात. वॉर्डात ज्याने या खड्ड्याला परवानगी दिली त्याच्याच टेबलावर येतो. तो उत्तर लिहितो, ते तसंच वर जातं. मी फक्त भाषा नीट करायचो."

मग त्यांनी कपाटातून हिस्सा नंबरचा नकाशा काढला. तो त्यांनी स्वतः तीन खेपा घालून मिळवला होता. मी म्हटलं, एवढं कशाला, एखादा आकडा चुकला तर काय बिघडणार आहे. त्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"एका आमदाराने शाळेबद्दल विचारलं होतं. व्हरांडा वाकलाय, हे खरे आहे काय. त्याने गावापुढे बुद्रुक लिहिलं. वाकलेली शाळा खुर्दची होती. फायलीत दोन्ही गावं माझ्यासमोर होती. मी लिहिलं, बुद्रुक येथील शाळेची इमारत सुस्थितीत आहे, सबब प्रश्न उद्भवत नाही. अक्षरही खोटं नव्हतं. साहेबांनी मला बोलावून शाबासकी दिली."

"आणि खुर्दची?"

"रविवारी पडली. पावसाचं आडोशाला कोणी ना कोणी व्हरांड्यात बसतंच."

"किती जण?"

"ती माहिती," काका म्हणाले, "सभागृहाच्या पटलावर ठेवलेली आहे."

गावाचं नाव त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. कपबशी उचलून आत ठेवायला गेले तेव्हा ते नकाशावरचा हिस्सा नंबर पुन्हा ताडून बघत होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुसरी पट्टी तडकली. त्याच सुमाराला साइट मॅनेजर आमच्या फाटकापाशी येऊन काकांना म्हणाला, "काका, वय झालं तुमचं. पावसात भिंतीपाशी फिरू नका. पाय घसरतो माणसाचा." बोलताना हसत होता. काका त्या दिवशी दिवसभर बाहेर पडले नाहीत. घाबरट माणूस. झुरळ दिसलं तर मला बोलावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खिडकीतून पाहिलं. छत्री भिंतीपाशी होती. नेहमीपेक्षा दोन पावलं लांब होती, पण होती.

तर सतरा जुलै. नोटिशीवर सही झाली, मी वळले. काकांनी दार लावलं नाही.

"मॅडम, तिसरी गेली."

"कधी?"

"सकाळी सातला अखंड होती. आत्ता अकराला तडकलेली आहे. मधल्या काळातली वेळ सांगता येणार नाही."

बाहेर रिपरिप चालूच होती. मी भिंतीपाशी गेले. तड्यात बोट नाही, आता मूठ गेली असती. पलीकडे खाली कोणीतरी भाकरी थापत होतं, तो आवाज वर येत होता. अधिवेशनात प्रश्न लागायला अजून काही आठवडे होते. भिंतीला तेवढी सवड दिसत नव्हती.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"खाली. सांगायला."

"मॅडम, मी कधी सांगितलेलं नाही," काका म्हणाले. "मी लिहून देतो. तुम्ही वाचा."

"चपला घाला."

साइटच्या फाटकातून चिखल तुडवत आम्ही खाली उतरलो. खालून भिंत पहिल्यांदाच पाहिली. वरून ती वाकलेली वाटत नव्हती. खालून ती आपल्याकडे झुकून बघत असल्यासारखी दिसत होती. बाया जमल्या, चार-पाच पुरुष आले. मी सांगितलं, भिंत पडेल, सामान घेऊन वर आमच्या पार्किंगमध्ये चला. कोणी हललं नाही. एक बाई, कडेवर तेच झोळीतलं मूल, म्हणाली, "मॅनेजर सांगते, काई होत नाई. खोली सोडली त कामावरून काढन म्हनते."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "कोठचे जी तुमी?"

"साकोलीकडले जी. भंडारा जिल्हा."

तेवढ्यात मॅनेजर आला. सोबत दोघे. छत्री एकाच्या हातात, मॅनेजर कोरडा.

"काय चाललंय? कोण म्हणतंय भिंत पडणार?" तो थेट काकांसमोर उभा राहिला. "तुम्ही मंत्रालयातले ना? मग तुम्हीच सांगा सगळ्यांसमोर. ही भिंत पडणार, हे खरं आहे का?"

सगळे काकांकडे पाहायला लागले. मी डोळे मिटले. बत्तीस वर्षांचं उत्तर मला पाठ होतं. त्यांचा ओठ 'अं'साठी उघडला, तेवढं मी ऐकलं. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

"होय," वाढईकाका म्हणाले.

"कशावरून?"

"तीन काचपट्ट्यांवरून."

"कधी पडणार? सांगा ना. वेळ सांगा!"

"ते मला माहीत नाही. पण होय." एक हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला होता आणि तो चांगलाच जड होता. मग ते त्या बाईकडे वळले आणि मंत्रालयाचं मराठी कुठल्या कुठे गेलं. "थे भिंत पडनार हाये, बाई. लेकराले घे अन् चाल. भांडे मंग नेजो. कायची वाट पाहता बाप्पा?"

ती बाई निघाली. तिच्यामागे दुसरी निघाली. पुरुष मॅनेजरकडे बघत होते, पण बायका निघाल्यावर तेही पत्रे सोडून बोचकी बांधायला लागले. मॅनेजर माझ्याकडे बोट करून म्हणाला, "बाई, हे महागात पडेल."

"लेखी द्या," मी म्हटलं. काकांचा गुण लागला होता.

संध्याकाळपर्यंत अकरा कुटुंबं आमच्या पार्किंगमध्ये होती. सोसायटीतल्या स्कूटरी पावसात गेल्या, त्याबद्दल मला आठ फोन आले. सगळ्यांत मोठा फोन पाठकांचा.

"अहो, भिंत पडलीच नाही तर?"

"तर तुम्ही मला काढून टाका."

"आणि पडली तर?"

"तर कोणाची आहे ते ठरवत बसू."

फोन ठेवला आणि तेव्हा डोक्यात आलं. तीन महिने सगळे एकमेकांना विचारत होते, भिंत कोणाची. कोणी 'आमची' म्हणायला तयार नव्हतं, कारण ज्याची भिंत त्याने उत्तर द्यायचं. पण ज्याची भिंत त्याला ती पाडताही येते.

अठरा जुलै. सकाळी साडेसहाला मी लोणी काळभोरच्या एका जेसीबीवाल्याला फोन केला. जमीन विकून त्याने मशीन घेतलंय, आमची ड्रेनेज लाइन त्यानेच खणली होती. साडेआठला तो आला. भिंतीकडे बघून त्याने डोकं खाजवलं.

"ताई, अवघड काम हाय. तिकडं ढकलू का आपल्याकडं वडू?"

"आपल्याकडं ओढ. एक वीट खाली जाता कामा नये. आणि भिंतीपाशी नको, लांबूनच हात टाक."

"पण भिंत कुणाची? मागनं भांडान नको."

"आमची," मी म्हटलं. "सेक्रेटरी आहे मी. लिहून हवंय का?"

सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय असं करता येत नाही, हे मला ठाऊक होतं. ठरावाचा विषय मी त्याच नोटिशीच्या माझ्याकडच्या प्रतीत, दुसऱ्या पानावर हाताने वाढवला.

साइटच्या फाटकापाशी जेसीबीवाल्याचा माणूस उभा केला, कोणी भांडी न्यायला उतरू नये म्हणून. वर मशीनने भिंतीला पहिला हिसका दिला तर ती दुसऱ्याची वाट न बघता आपणहून आली. जवळजवळ सगळी आमच्या अंगणात. एक तुकडा मात्र निसटला आणि खाली गेला. मधल्या खोलीचा पत्रा त्याने कागदासारखा मुडपला. ती साकोलीची बाई माझ्या शेजारी उभी होती. तिने खाली पाहिलं आणि मुलाचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. मीही दुसरीकडे बघितलं.

वाढईकाका छत्री मिटून उभे होते. पाऊस चालू होता, छत्री मिटलेली.

"मॅडम, आता आमदारसाहेबांच्या प्रश्नाला काय उत्तर येईल, सांगू?"

"सांगा."

"सदर ठिकाणी अशी कोणतीही भिंत अस्तित्वात नाही. सबब प्रश्न उद्भवत नाही." ते थोडं थांबले. "आणि मॅडम, पहिल्यांदाच पूर्णतः खरे असेल."

मला बोलायला वेळ नव्हता. पार्किंगमध्ये चाळीसएक माणसं उपाशी होती आणि माझ्या घरात तीन किलो रवा होता. मी काकांना वर नेलं, स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि मटाराची पाटी पुढ्यात ठेवली. ते शेंगा सोलायला लागले, एकेक दाणा तपासून. मी रवा भाजायला घेतला आणि त्यांच्या भिंतीवरच्या यादीतल्या चौथ्या प्रश्नापासून सुरुवात केली.

"दिवसभरात कोणाशी बोलणं होतं का?"

त्यांनी शेंग हातात धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मग पाठ केलेलं उत्तर दिलं, सरळ, एका दमात. मी पाचवा विचारला. सहाव्याला, साड्यांच्या प्रश्नाला, वेळ लागला. सातवा, आठवा पटकन झाले. नवव्याला मी झारा थांबवला.

"भीती वाटते का? असल्यास, कशाची?"

वाढईकाकांनी सोललेले दाणे वाटीत ओतले.

"काल वाटत होती," ते म्हणाले. "आज अंशतः."

मी गॅस बारीक केला आणि दहावा विचारला.